सिएम रीपहून मैत्रिणीस पत्र

सिएम रीप, कंबोडिया
गुरुवार, रात्र

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी इथे पोहोचले. नवा विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर असल्यामुळे गावात शिरेपर्यंत भातखाचरे आणि त्यांच्या बांधांवरचे उंच ताडच पाहत आले. अंगकोर वाटचे प्राचीन मंदिर अजून पाहायचे आहे. पण काल संध्याकाळी ज्यासाठी इतक्या लांब आले ते अप्सरा नृत्य पाहिले, आणि ते सर्वांत आधी तुलाच सांगावेसे वाटले.

नाच सुरू झाला तेव्हा पहिली काही मिनिटे मला तो फार संथ वाटला. आपले भरतनाट्यमचे पाय जमिनीवर वाजायला शिकलेले, इथे पाऊल पडल्याचा आवाजच नाही. मग मी हातांकडे पाहू लागले. आपण पताक, म्हणजे उघड्या तळव्याची हस्तमुद्रा, धरताना बोटे सरळ ताणतो. यांची बोटे उलटी, मनगटाच्या दिशेने, धनुष्यासारखी वळतात. अंकुर, पान, फूल आणि फळ अशा मुद्रा एकीतून दुसरी उमलत जातात, आणि मुख्य नर्तिकेचे फूल मिटून फळ होईपर्यंत मी श्वास रोखून बसले होते. गुडघे वाकलेले, पण आपल्या अरमंडीइतके, त्या अर्ध्या बैठकीइतके, बाहेर उघडलेले नाहीत. पायाची बोटे मात्र वर उचललेली. प्रेक्षक जेवत होते, ताटे वाजत होती, याचे मला मनापासून वाईट वाटले.

हे नृत्य आज दिसते यामागे किती माणसे उभी आहेत! अंगकोरच्या भिंतींवरच्या अप्सरांवरून राणी सिसोवाथ कोसामाक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ते बसवले आणि त्यांची नात, राजकन्या बुप्फा देवी, पहिली अप्सरा झाली. (बुप्फा म्हणजे आपले पुष्प.) १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत दरबारी परंपरेतले जवळजवळ सर्व ज्येष्ठ नर्तक आणि वादक मारले गेले किंवा उपासमारीने गेले. जे थोडे वाचले त्यांनी अंगात मुरलेले आठवून आठवून पुढच्या पिढीच्या हाती दिले, कारण ही विद्या मुख्यतः देहातूनच देहात जाते. २००८ मध्ये युनेस्कोने तिला आपल्या वारसा यादीत घेतले.

आज सकाळी एका वर्गात बसायला मिळाले. सात-आठ वर्षांची एक मुलगी मांडी घालून बसली होती. वयस्क शिक्षिकेने तिच्या मागे बसून तिची चार बोटे आपल्या तळहातात घेतली आणि हळूहळू, अगदी हळूहळू, मागे वाकवली. मुलीने ओठ घट्ट मिटले, पण हात काढून घेतला नाही. मला आपल्या नृत्याच्या बाईंची तट्टुकळी, ताल धरायची ती लाकडी काठी, आठवली, आणि त्याहून जास्त, अरमंडीत बसवताना खांद्यावर पडणारा त्यांचा हात.

गुरूला ते 'क्रू' म्हणतात, आणि गुरुवंदनेचा वारही गुरुवारच. आज मुखवट्यांसमोर उदबत्ती, मेणबत्त्या, फळे मांडलेली होती. मुलींनी हात जोडले तसे माझेही आपोआप जोडले गेले.

आल्यावर तुला ती बोटांची पहिली मुद्रा दाखवते. माझी अर्धीही वळत नाहीत, तुझी कदाचित वळतील.

तुझीच,
मैत्रीण