इंद्रजाल हे झाडाचं मूळ नव्हे, मंत्रिमहोदय!

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठेतल्या एका दुकानात काचेच्या फ्रेममध्ये घालून 'इंद्रजाल' विकतात, अशी लेखी तक्रार मी वन कार्यालयात दिली होती. "आठ दिवसांत बघतो" असा शब्द मिळाला. काल उत्तर आलं: 'सदर वस्तू वनस्पतीचे मूळ असल्याने वन्यजीव कायदा लागू होत नाही.'

साहेब, ते मूळ नाही, प्राणी आहे. समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ, नाहीतर काळं प्रवाळ. दोन्ही 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे विकायला बंदी. सरकारचाच कायदा सरकारला आम्ही वाचून दाखवायचा का? काळ्या प्रवाळाच्या बहुतेक जाती खोल पाण्यात, ऊन पोचत नाही तिथे वाढतात. हवाईजवळच्या एकाचं वय 4,265 वर्षं निघालं. त्याच्यापुढे आपली कार्ल्याची लेणी कालची. अशा खोल पाण्यातल्या प्रवाळांच्या फांद्यांत खेकडे, कोळंब्या राहतात, मुशी अंडी अडकवून ठेवते, तारामाशाच्या जातकुळीतले लांब हातांचे जीव विळखा घालून बसतात. फ्रेममधल्या एका फांदीला तसला वाळका विळखा अजून होता, सुतळीसारखा. दुकानदार म्हणाला, "काकू, वेलच आहे तो. दारावर लावा, बाधा जाते."

बाधा सरकारी असली तरी जाते का, ते विचारायचं राहिलं.

कारण वन कार्यालयाची लिफ्ट बंद, माझे गुडघे गेलेले. "साहेब मीटिंगला", "साहेब दौऱ्यावर", मग "साहेब जेवायला". बाकावर पंखा नाही. वर शिपाई विचारतो, "मॅडम, पुण्यात समुद्र कुठंय?" जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, इतका भोळा प्रश्न नापास पोरांनीही विचारला नाही.

2021 मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहिमेला 4,077 कोटी दिले. सहा हजार मीटर खाली माणूस उतरवणार, खनिजं शोधणार. उतरवा! पेठेतल्या दुकानात माणूस पाठवायला किती कोटी लागतील? की ते केंद्राचं, हे राज्याचं आणि प्रवाळ कुणाचंच नाही? टेकडी घ्या, नदी घ्या, सगळीकडे हेच. आधी तोडायचं, मग समिती, मग तिचा अहवाल शोधायला दुसरी समिती. आमचा मिळकतकर थकला की मात्र महिन्याला दोन टक्के शास्ती, तिथे कुणाची मीटिंग आड येत नाही.

ती फ्रेम जप्त करून तज्ज्ञाला दाखवा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं कार्यालय आकुर्डीत आहे, लोकलने जाता येतं. आणि 'पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित' असं उत्तर कृपया नको. ते माझ्याकडे फाइलभर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे