पावनखिंडीची वाट पायीच राहू द्या : पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : पन्हाळा ते विशाळगड या ऐतिहासिक पायवाटेबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत जागतिक वारसा यादीसाठी बारा किल्ल्यांवर शिक्कामोर्तब झालं. अकरा आपले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत आमचा पन्हाळा आहे, त्यामुळं कोल्हापूरकरांची छाती किती फुगली हे सांगायला नको. आता यादीमागोमाग निधी येणार, निधीमागं आराखडा येणार आणि आराखड्यामागं पेव्हर ब्लॉक येणार. हा क्रम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ते ब्लॉक ट्रकमध्ये चढायच्या आत चार गोष्टी कानावर घालाव्यात म्हणून हे पत्र.

यादीत पन्हाळा आहे, विशाळगड नाही. दोन्हींच्या मधली वाट तर नाहीच नाही. आणि मानांकन कशाचं, तर मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचं! १६६० च्या आषाढात पन्हाळ्याला पडलेला सिद्दी जौहरचा वेढा चार महिने झाले तरी ढिला पडेना. राजापूरचे इंग्रज वर तोफा घेऊन त्याच्या मदतीला आलेले. तेव्हा महाराज राजदिंडी या गडाच्या छोट्या दरवाजानं उतरले ते भर पावसात, रात्री, मसाई पठाराच्या अंगानं. शिवा काशीद, बाजीप्रभू आणि बांदलांची कथा तुम्हाला नव्यानं सांगत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की त्या रात्री गड मागं राहिला. उपयोगी पडलं ते उघडं पठार, धुकं, फुगलेले ओढे, दाट रान आणि ते अंधारातही ओळखणारे पाय. तटबुरूज जपायचे आणि ही पन्नास-साठ किलोमीटरची वाट ठेकेदाराच्या हवाली करायची, हे कुठलं वारसाजतन?

रस्ता करू नका म्हटलं की आम्हाला विकासविरोधी ठरवलं जातं. म्हणून आधी पन्हाळ्याचंच बघा. गडावर जाणारा रस्ता जिथून आत शिरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. त्याच अंगाचा मुख्य रस्ता जुलै २०२१ च्या पावसात खचला आणि गडावरच्या लोकांचे हाल हाल झाले. हा डोंगर किती कापून घेतो, कधी सोडून देतो, याचा अंदाज अजून कुणाला आलेला नाही. तिथं काँक्रीट ओतायला सगळ्यांना घाई असते, पाणी कुठून मुरतं आणि कुठून फुटतं हे बघायला कुणाला सवड नसते.

आता मसाई पठार. आपण हेलिकॉप्टरनं गेलात तर वरून नुसतं हिरवं माळरान दिसेल. खाली बसून बघा. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, काही ठिकाणी तेवढीही नाही. पाऊस सुरू झाला की त्या मातीत पाणी नुसतं उभं राहतं, आणि भाद्रपदाच्या सुमाराला तिथं सीतेची आसवं फुलतात. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. दिसायला गरीब, पण मातीखाली त्याच्या मुळांसारख्या धाग्यांना बारीक फुगे असतात. पाण्यातला एखादा जीव फुग्याला शिवला की तो आत ओढला जातो. शेजारी दवबिंदू असतं. त्याच्या लालसर पानावरचे चिकट थेंब दव समजून चिलट बसलं की संपलं. कातळावर झाडाला पुरेसं खत नाही, म्हणून या वनस्पतींनी शिकार धरली. गेंद, तेरडे आणि गवताच्या कितीतरी जाती त्याच बोटभर मातीवर जगतात.

त्यावरून एक जीप गेली की काय होतं? चाकाची चाकोरी पडते. पुढच्या सरीला तीच पाण्याची पन्हळ होते आणि माती वाहून जाते. पुढच्या वर्षी तिथं फक्त कातळ उरतो, कारण माती गेली तिथं बीही गेलं. रील्स आणि प्री-वेडिंगवाल्यांना याचं काही नाही, त्यांना ‘लोकेशन’ हवं. पण गाड्या पठारावर चढतातच कशा, हा प्रश्न सरकारचा आहे. साताऱ्यात कासला आधी तारेचं कुंपण घालून पाहिलं, पुढं ते काढावं लागलं. म्हणून कुंपण मागत नाही. गाड्या पायथ्याला थांबवा, एवढंच मागणं आहे. वरती माणूस पायवाटेनं चालत गेला तर पठाराचं फारसं बिघडत नाही, जनावरं चरली तरी नाही.

दोष एकट्या सरकारचा नाही, हेही बोललं पाहिजे. आषाढी पौर्णिमेच्या मागंपुढं या वाटेवर मोहिमांची रीघ लागते. घोषणा, शिट्ट्या, एकाच रंगाचे टी-शर्ट, आणि मागं बिस्किटांच्या पुड्यांचा सडा. वाट वाड्या-वस्त्यांतून आणि भातखाचरांतून जाते, आणि नेमकी तेव्हाच रोपलावण चालू असते. एका म्हाताऱ्याला बघितलं होतं. मोठा जथ्था बांधावरून गेला आणि बांध फुटला. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात भडाभडा उतरलं आणि कालच लावलेली रोपं आडवी झाली. शिवी दिली असती तरी शोभली असती. पण डोक्यावरची प्लास्टिकची खोळ सावरत त्यानं टिकावानं चिखल ओढला, टाचेनं दाबला आणि मागून येणाऱ्या पोरांना ओरडून सांगितलं, “तिकडनं जावा रं, हितं भगदाड पडलंय.” त्या भगदाडाची भरपाई कुणाच्या खात्यात आहे, साहेब? पर्यटनाच्या की कृषीच्या?

या वाटेत इतिहास फक्त १६६० चाच आहे असंही नाही. पठाराच्या बाजूला पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत, जोतिबाजवळ पोहाळ्याची आहेत. लोक पांडवांनी एका रात्रीत खोदली म्हणतात, म्हणू देत. पण अशी लेणी बहुतेक घाटवाटांच्या आसऱ्यानं झाली, आणि विशाळगड राखायचा तो आंबा आणि अणुस्कुरा घाटांची वाट. खाली राजापूरकडं बंदर, वर देश. माल या वाटांनी यायचा.

कुठं यायचा, तेही सांगतो. पावनखिंडीतून वाहतं ते कासारीचं पाणी. ती कासारी प्रयाग चिखलीला भोगावती, कुंभी, तुळशी यांना मिळते, पंचगंगा होते आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडाशी येते. त्या टेकाडात १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, सातवाहन काळाचं गाव निघालं. तिथल्या काशाच्या वस्तूंत एक छोटी मूर्ती होती, समुद्रदेव पोसायडनची. ग्रीक-रोमन जगातला समुद्राचा देव, समुद्र दिसतही नाही अशा आमच्या गावात! आज तो टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कोल्हापूरला येणारा पर्यटक अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा ओरपतो, चप्पल घेतो आणि निघतो. टाऊन हॉलच्या बागेत भेळ खातो, पण आत जात नाही. त्याला दोष देत नाही, कारण ही मूर्ती, पांडवदरा आणि पावनखिंड एकाच वाटेवरच्या गोष्टी आहेत असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. यासाठी लेझर शो लागत नाही. एक बरा नकाशा आणि त्याच वाड्यांतली शिकवून तयार केलेली दहा-वीस पोरं-पोरी पुरेत.

मागण्या फार नाहीत. गावनकाशात पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. भूमी अभिलेख खात्याकडून पन्हाळा ते विशाळगड अशी अख्खी वाट मोजून घ्या आणि ती रुंद होणार नाही असं लेखी जाहीर करा. खिंडीच्या तोंडापर्यंत डांबर पोहोचलंच आहे, तेवढं पुरे. मोहिमांची नोंदणी ठेवा, सगळ्या एकाच पौर्णिमेला नकोत, आषाढ-श्रावणात विभागून द्या. त्याचं शुल्क जिल्ह्याच्या तिजोरीत न जाता वाटेवरच्या गावांना मिळू दे. मुक्कामाला जागा, भाकरी-पिठलं आणि फुटलेला बांध हे सगळं तेच लोक सांभाळतात. बऱ्याच टप्प्यांत मोबाईलला रेंज नसते. पाय मुरगळला, कुणाला चक्कर आली, तर झोळी करून आणावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर एक स्ट्रेचर, वायरलेस आणि ते चालवणारी गावातली माणसं ठेवा. पुतळा आणि कमान त्यानंतर बघू. आणि आराखडा करताना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला आणि पुरातत्त्ववाल्यांना आधी विचारा, ठेकेदाराला शेवटी.

पन्हाळगडावरच्या लोकांनी या यादीला सुरुवातीला विरोध केला होता, तो उगाच नव्हता. घराची कौलं बदलायलाही दिल्लीची परवानगी लागेल, अशी त्यांना धास्ती होती. उद्या वाड्यांनाही तीच वाटणार. तेव्हा आराखडा मंजूर करण्याआधी त्याची मराठी प्रत वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा आणि हरकतींना दसऱ्यापर्यंत मुदत द्या. आषाढात ग्रामसभा ठेवलीत तर कुणी येणार नाही, तेव्हा सगळे चिखलात असतात.

कळावे,
आपला,
एक कोल्हापूरकर