काकूंची गाणी: शैलास पत्र

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

काकूंसाठी पेनड्राइव्हवर पाचशे गाणी भरून आणलीस आणि त्या दहा मिनिटांत उठून आत निघून जातात, हे वाचून वाईट वाटलं. पण त्यावरून ‘आईला आता गाण्यातलंही काही कळत नाही’ असं मनात धरू नकोस. तो संच सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही चालेल असा आहे आणि त्यात काकू कुठंच नाहीत. विसरायला लागलेल्या माणसासाठी गाणी त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून वेचावी लागतात, आणि ती ऐकलेल्या गाण्यांपेक्षा आधी त्यानं स्वतः म्हटलेल्या गाण्यांतून. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून ती आधीच लिहून टाकते.

त्यामागचं कारणही सांगते. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं की, फार जुनी ओळखीची गाणी मेंदूच्या ज्या भागांत जपलेली असतात, त्यांची झीज अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं बरीच कमी होते. त्यातला एक भाग हालचालींची आखणी करणारा आहे. नाव, तारीख, सकाळचं जेवण विसरणाऱ्या बाईच्या तोंडून अख्खा पाळणा सलग येतो, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. हात, पाय, ओठ यांनी मिळून जे पाठ केलं, ते टिकतं. रेडिओवर नुसतं कानांवरून गेलेलं त्यामानानं लवकर पुसट होतं.

आता काकूंचा हिशेब मांडू. जन्म १९४७ चा, माहेर कराडकडचं, लग्न १९६६ साली, मग पुणं. माणसाला स्वतःच्या आयुष्यातलं सर्वांत जास्त आठवतं ते साधारण दहा ते तीस या वयातलं, आणि गाण्यांच्या बाबतीत त्यातही पहिली पंधरा वर्षं जड भरतात. म्हणजे काकूंची वर्षं १९५७ ते १९७२. तुझ्या संचातली बरीच गाणी त्यानंतरची आहेत. तेव्हा त्यांच्या मागे तुम्ही दोघं भावंडं, नोकरी, सासूबाईंचं आजारपण होतं. निवांत बसून गाणी ऐकायला उसंत कुठली? याला एक पुरवणी जोड. आई-वडिलांच्या तरुणपणातली गाणीही मुलांच्या मनात घर करून राहतात, हे २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे तुझ्या आजीची गाणी काकूंच्या यादीत हवीतच.

सुरुवात हादग्यापासून कर. त्यांच्या भागात हादगा. हेच विदर्भातलं घर असतं तर भुलाबाई म्हटलं असतं, पुण्यात भोंडला. गाणी बरीचशी सारखी, पण चाल आणि शब्द गावोगाव बदलतात, म्हणून बाजारातली भोंडल्याची सीडी लावू नकोस. तिच्यातले शब्द वेगळे निघाले की काकू अडखळतील आणि गप्प होतील. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हादगा सुरू व्हायचा तो सोळा दिवस. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं. त्यामुळे सुरुवातीची गाणी दरवर्षी पुन्हा पुन्हा म्हटली गेली आणि शेवटची अगदी थोड्या वेळा. काकूंना आधी गणेशाचं पहिलं गाणं येईल, ते याच कारणानं. शेवटची मागून आली किंवा आलीच नाहीत, तरी ताण घेऊ नकोस.

पाटावर खडूनं हत्ती काढ, मध्ये ठेव, तू आणि मावशी त्यांचे हात धरा. फेर धरणं जमत नसेल तर खुर्चीत बसून हात डावी-उजवीकडं झुलवलेले चालतात. मावशींना बोलवच, कारण दोघी बहिणींची चाल एकच असेल. शेवटी खिरापतीचा डबा कानाशी हलवून वाजव आणि तो त्यांच्या हातात दे. आत काय आहे हे डब्याच्या आवाजावरून ओळखायचा तो खेळ शरीरात फार खोल बसलेला असतो. गाणं सुचलं नाही तरी डबा हातात आल्यावर बोलणं सुटतं. खिरापत मऊ ठेव, शेंगदाणे-फुटाणे नकोत, घशात अडकतात.

ओव्यांचं याहून नाजूक. ‘आई, ओव्या म्हण ना’ असं सोफ्यावर बसवून सांगितलंस तर दोन ओळींवर थांबतील. ओवी जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. समोरासमोर बसून खुंटा ओढायचा-ढकलायचा, मूठ मूठ वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायची, तेवढा वेळ थांबायचं, की पुढची ओळ. तो फेराच काढून घेतला तर शब्दांना धरायला काही राहत नाही. मेतकुटाच्या भाजणीसाठी ठेवतात तसलं लहान जातं कुणाकडून आण, जमिनीवर चादर अंथर, मूठभर हरभऱ्याची डाळ पुरे. गुडघे दुखत असतील तर जातं दणकट स्टुलावर ठेव, पण खाली जाड गोणपाट घाल, नाहीतर जातं सरकतं. जातं मिळालंच नाही तर सुपात तांदूळ घेऊन पाखडायला दे, किंवा पाळण्याची दोरी हातात दे. तीही नसेल तर ओढणी खाटेच्या पायाला बांध आणि दुसरं टोक त्यांच्याकडं. दोरी ओढायला लागल्यावर पाळणा येतो.

पाळणा, डोहाळे आणि मोजणीच्या ओव्या या तिन्हींत एक सोय आहे. पाळण्यात पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी करत बारशापर्यंत जातात. डोहाळ्यांत महिने मोजतात. ओव्यांत पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, असा क्रम असतो. आकडाच पुढची ओळ ओढून आणतो. काकू थांबल्या की ओळ सांगून टाकू नकोस, फक्त ‘तिसऱ्या दिवशी…’ एवढं म्हण आणि थांब. मनातल्या मनात दहा अंक मोज. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते आणि आपण घाईनं वाक्य पुरं करतो, तिथं बहुतेकांचं चुकतं. ‘हे कुठलं गाणं, ओळख बघू’ असं तर कधीच नको. ती परीक्षा होते, आणि परीक्षेत नापास झाल्याचं त्यांना बरोबर कळतं.

ओव्या अजिबात सुचेनात तर दुसऱ्या बाईची ओवी वाचून दाखव. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर, गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात मिळतात. भाऊ, माहेर, लेक, पंढरीची वाट अशा विषयांवरून शोध. काकूंना भाऊ तीन, तेव्हा भावाच्या ओव्यांनी सुरुवात कर. त्या लगेच ‘आमच्यात असं नाही म्हणत’ म्हणून दुरुस्ती करतील, आणि त्यांची स्वतःची ओवी बाहेर पडेल. ती दुरुस्तीच आपल्याला हवी आहे.

आता रेडिओकडं वळू. इथं तुला मावशींना विचारूनच पुढं जावं लागेल: घरात रेडिओ होता का, की शेजारी ऐकायला जायचे? कुठल्या साली आला? तो कोण लावायचं? १९५२ नंतर आकाशवाणीवर हिंदी सिनेमातली गाणी जवळजवळ बंद झाली होती आणि लोक रेडिओ सिलोन लावायचे. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला, काकू दहा वर्षांच्या असताना. वडील करडे असतील तर सिलोन चोरून ऐकलेलं असणार, आणि चोरून ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. गीतरामायण पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं, छप्पन्न गीतं, वर्षभर. त्यांच्या घरी तेव्हा रेडिओ असेल तर एक लक्षात ठेव: मूळ प्रसारणात वेगवेगळ्या गायक-गायिकांचे आवाज होते, नंतर रेकॉर्डवर घरोघर पोचलं ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. काकूंच्या मनात यांतलं कुठलं आहे, हे दोन्ही थोडं थोडं ऐकवून चेहऱ्यावरून पाहा. हाच नियम सगळ्या गाण्यांना. मूळ ध्वनिमुद्रण हवं, नव्या वाद्यमेळातलं नको. सुरुवातीचे चार-पाच स्वरच ओळखीची खूण असतात, ते बदलले की गाणं परकं होतं.

यादी वीस गाण्यांच्या वर नेऊ नकोस. एका बैठकीला पाच-सहा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मध्ये जाहिरात येणार नाही अशा रीतीनं फाइल करून. जाहिरातीचा आवाज दचकवतो आणि सगळं विस्कटतं. टीव्ही बंद, पंखा हळू. वयानं आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून आवाज नुसता मोठा करून भागत नाही, कर्कश होतो. स्पीकर जवळ, कानाच्या उंचीवर ठेव आणि खर्ज कमी कर, म्हणजे शब्द मोकळे होतात. काकूंचं श्रवणयंत्र बोलण्यासाठी बसवलेलं असणार, त्यानं संगीत चेपल्यासारखं येतं. पुढच्या वेळी यंत्र तपासायला न्याल तेव्हा संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घे. बऱ्याच यंत्रांत तो असतो, पण कुणी आपणहून चालू करून देत नाही.

सोबत म्हणायचं असेल तेव्हा रेकॉर्ड बंदच ठेव. सिनेमातल्या गायिकांच्या पट्टीत पंच्याहत्तरीपुढची बाई गाऊ शकत नाही. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली येतो. त्यांना आधी सुरू करू दे, मग त्यांचा सूर तू पकड. उलट केलंस की त्या नुसत्या ऐकत बसतील.

वेळ सकाळी अंघोळीआधीची चांगली. अंघोळीवरून रोज वाद होतो म्हणतेस ना, तर दहा मिनिटं आधी भूपाळी किंवा त्यांच्या ओळखीचा अभंग सुरू कर आणि तेच म्हणत न्हाणीघराकडं चाला. दिवस कलल्यावर त्यांची तगमग वाढत असेल तर त्या वेळी माहेरची, सासरी पाठवणीची गाणी बिलकूल नकोत. ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं ते अशानंच. काकांच्या आवडीची गाणी वेगळी काढून ठेव आणि तू शेजारी असतानाच लाव. रडू आलं तर गाणं झटकन बंद करू नकोस, हात धरून बस, संपू दे. रडणं वाईटच असतं असं नाही. पण काकू गेलेल्या काकांना शोधायला लागल्या, दाराकडं जायला लागल्या, तर ते गाणं यादीतून कायमचं काढ.

आणि हे सगळं होत असताना ध्वनिमुद्रण कर. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज नको, त्यात आवाज फार दाबला जातो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये वेव्ह (WAV) हा फाइलचा प्रकार किंवा सर्वांत वरची गुणवत्ता निवड, फोन फ्लाइट मोडवर टाक, टेबलावर नुसता न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर, खालची चार्जिंगची बाजू त्यांच्याकडं करून, दीड वीत अंतरावर ठेव. कुकर उतरल्यावरच बस. सुरुवातीला तारीख, गाव, कोण कोण बसलंय ते बोलून घे. गाणं थांबलं तरी रेकॉर्डिंग थांबवू नकोस, कारण ‘ही आमच्या इंदूआत्याची चाल’ असलं वाक्य दोन गाण्यांच्या मध्येच येतं. शब्द जसे येतील तसेच लिही. ‘म्हंजी’चं ‘म्हणजे’ करू नकोस, वृत्तात बसवू नकोस. वहीत पहिली ओळ, कुणाकडून शिकल्या, कुठल्या प्रसंगाचं, तेव्हा हात काय करत होते, आणि आज ऐकल्यावर काय झालं, एवढं पुरे.

तुझ्या बारशाची कॅसेट सापडलीय म्हणालीस, ती थेट वाजवू नकोस. पट्टीच्या मागे स्प्रिंगवर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा, चौकोनी तुकडा आहे का पाहा. जुन्या कॅसेटमध्ये डिंक सुकून तो पडतो आणि आवाज गुदमरल्यासारखा येतो. असेल तर आधी पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं गुंडाळ, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. डेकचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पूस, वाळू दे, मगच लाव. आवाज बारीक आणि भराभर येत असेल तर कॅसेट खराब नाही, रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले होते. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग कमी करून ते सरळ होतं. तासाभराची स्टिरिओ वेव्ह फाइल साधारण ६०० एमबी होते, ती तशीच ठेव. खरखर काढण्याच्या मोहात पडू नकोस. खरखरीबरोबर श्वास, बांगड्या, मागचं बाळाचं रडणं सगळं निघून जातं. प्रती तीन हव्यात: एक तुझ्याकडं, एक हार्डडिस्कवर, एक दादाकडं बंगळूरला.

मावशींना या आठवड्यातच फोन कर, त्यांचंही वय झालंय, आणि कराडच्या शब्दांचा ताळा घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. वहीची पहिली दहा-बारा पानं झाली की फोटो पाठव. ज्या ओळी नीट लागत नसतील, तिथं मिनिट-सेकंद लिहून ठेव, आपण रविवारी दुपारी फोनवर दोघी मिळून ऐकू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
विद्या