राजवाडा वसाहतकालीन कसा?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ‘भिंतीवर अशांती, घरात शांती’ हा गृहसजावटीचा लेख वाचला. शीर्षकातील कोटी ज्यांना सुचली त्यांचे अभिनंदन. आजच्या घानातले ते ‘अशांती’ लोक स्वतःला असांते म्हणवतात आणि ही कोटी केवळ इंग्रजांच्या उच्चारावर उभी आहे, एवढे नोंदवून पुढे जातो. माझी तक्रार चित्राखालच्या ओळीबद्दल आहे. ‘वसाहतकालीन अशांती राजवाडा : दिवाणखान्याला राजेशाही बाज’ असे तिथे छापले आहे.

ते चित्र थॉमस बाउडिच या इंग्रजाने केलेल्या रेखाटनावरून छापलेले आहे. तो १८१७ साली असांते राज्याच्या राजधानीत, कुमासीला गेला आणि त्याचे प्रवासवृत्त १८१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी कुमासीच्या गादीवर ओसेइ बोन्सू होता, आणि किनाऱ्यावरच्या आपल्या किल्ल्यांपोटी इंग्रजच त्याला भाडे देत होते. भाडेकरू आला आणि घरमालकाच्या वाड्याचे चित्र काढून गेला, तर त्या वाड्याला आपण ‘भाडेकरूच्या काळातला’ म्हणतो काय? पुढे ६ फेब्रुवारी १८७४ रोजी सर गार्नेट वूल्झलीच्या इंग्रज फौजेने तो राजवाडा सुरुंग लावून उडवला आणि शहराला आग लावली. असांते मुलूख इंग्रजांनी रीतसर खालसा केला तो १ जानेवारी १९०२ रोजी. म्हणजे वसाहत आली तेव्हा चित्रातला राजवाडा जागेवर नव्हता, आणि तो का नव्हता याचे उत्तर वसाहत करणाऱ्यांकडेच होते. ‘वसाहतकालीन’ या एका शब्दाने आपण त्यांना त्या उत्तरातून मोकळे केले आहे.

मला हे इतके का झोंबावे, असे आपणास वाटेल. १९८९ ते १९९३ अशी चार वर्षे मी कुमासीतील एका लाकूड कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करत होतो. जुन्या असांते पद्धतीची जी मोजकी देवघरे त्या परिसरात उरली आहेत (१९८० पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत), त्यांतले एक बघायला माझा सहकारी मला एका रविवारी घेऊन गेला. छपरावर गवताऐवजी पत्रे होते, परंतु आत पाऊल टाकले आणि मी आजोळी आल्यासारखा थबकलो. मधे चौक, चारी बाजूंनी चौकाकडे उघडे सोपे, भिंतींचा खालचा भाग गेरूने घोटून लाल केलेला आणि वरचा पांढरा. भिंती कुडाच्या. त्यांवरची नक्षी कोरलेली असेल असे मला वाटले होते, पण सहकाऱ्याने समजावले की वेताच्या पातळ कांबी हव्या त्या आकारात वाकवून आधी भिंतीवर बांधतात आणि मग त्यांवर मातीचा गिलावा चढवतात, त्यामुळे वेटोळी, पक्षी आणि मगरी भिंतीतून वर उठून आल्यासारख्या दिसतात. बाउडिचनेही हीच कृती लिहून ठेवली आहे. रत्नागिरीकडच्या माणसाला कूड आणि गेरू नवे नाहीत. कुडावर मगर मात्र मी तिथेच पाहिली.

म्हणून गेल्या वर्षी, आपल्याच अंकातील जाहिरात पाहून, मी हेच चित्र चौकटीसह मागवले. किंमत लिहीत नाही, कारण घरी अजून खरी सांगितलेली नाही. आलेल्या चित्राच्या मागे चिठ्ठी होती : ‘आफ्रिकन सरदाराची झोपडी’. मी विक्रेत्याला सविस्तर पत्र लिहिले, त्यात वर दिलेली सगळी साले दिली. उत्तर आले, की रंग सोफ्याशी जुळत नसेल तर सात दिवसांत बदलून मिळेल. त्या तुलनेत आपल्या पुरवणीने झोपडीचा राजवाडा केला, ही प्रगतीच म्हणावी लागेल.

वसाहतकालीन असांते राजवाडा छापायचाच असेल, तर तोही आहे. राजा प्रेम्पेला इंग्रजांनी १८९६ साली पकडले, १९०० मध्ये सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवले आणि १९२४ साली परत येऊ दिले. (आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलेल्या थिबा राजाच्या नशिबी तेही नव्हते.) प्रेम्पेसाठी १९२५ साली कुमासीतच मान्हिया येथे नवे घर बांधले गेले, आणि त्याची पूर्ण किंमत स्वतः चुकती केल्याशिवाय तिथे राहायला जाण्यास त्याने नकार दिला. ते घर पाहिल्यास आपल्याकडचा एखादा कलेक्टरचा बंगला आठवतो. गेरू नाही, वेटोळी नाहीत. असले चित्र दिवाणखान्यासाठी कोणी विकत घेणार नाही, हे मला मान्य आहे.

भिंती सजवण्याची हौस कुमासीच्या राजांनाही होती. १८७४ साली फौजेबरोबर गेलेल्या विनवुड रीड या बातमीदाराने राजाच्या दगडी वाड्यातील सामानाची यादी दिली आहे. तिच्यात अनेक भाषांतली पुस्तके, घड्याळे, इराणी गालिचे यांच्या जोडीला चित्रेसुद्धा आहेत. फौजेने नेलेल्या सोन्याचा पुढे केप कोस्टला लिलाव झाला. त्यातले काही लंडनच्या संग्रहालयांत पोहोचले, आणि २०२४ साली तिथल्या दोन संग्रहालयांनी ३२ वस्तू कुमासीला पाठवल्या, त्याही तीन वर्षांच्या बोलीने उसन्या! वाड्यातली भांडी उचलून नेणाऱ्याने मालकालाच ती सत्यनारायणापुरती वापरायला द्यावीत, तसा हा प्रकार आहे. ही बातमी आपण त्या वेळी आतल्या पानावर सहा ओळींत दिली होती, त्यांतली एक ओळ शेअर बाजाराच्या चौकटीखाली गेली होती. कालच्या सोफ्याला मात्र संपूर्ण रंगीत पान मिळाले.

चित्राखालची ओळ दुरुस्त करून पुढील रविवारी छापावी, ही विनंती. या आधीच्या माझ्या पत्रातील सर्व साले जागेअभावी गाळून केवळ ‘वाचकाची नाराजी’ तेवढी छापली गेली होती. या वेळी जागा कमी पडल्यास नाराजी गाळावी आणि साले ठेवावीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, रत्नागिरी