गोदेच्या पावसाची नोंद समुद्रतळाशी

महोदय,

गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की नाशिककराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? पण हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस मोजायचा झाला तर त्याची खूण रामकुंडावर मिळत नाही. ती नदीच्या दुसऱ्या टोकाला, बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे.

२००६ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे जहाज गोदावरीच्या मुखासमोर आलं ते खरं तर समुद्रतळातल्या गोठलेल्या मिथेनच्या शोधात. वर काढलेल्या गाळात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं होती. यातले काही जीव पाण्याच्या वरच्या थरात जगतात आणि मेले की कवच तळाशी बसतं, थरावर थर. पावसाच्या पाण्यात समुद्राच्या मानाने जड ऑक्सिजन (ऑक्सिजनच्या अणूंचा जरा वजनदार प्रकार) कमी असतो. गोदावरी दुथडी भरून वाहिली की तिचं गोडं पाणी समुद्रावर पसरतं, आणि तेव्हा घडणाऱ्या कवचातही तो कमीच उतरतो. (पाण्याच्या तापमानाचाही परिणाम होतो, तो वेगळा काढावा लागतो.) त्याच गाळात खोऱ्यातल्या झाडांच्या पानांवरचं मेणही सापडलं; खोऱ्यात कोरड्या हवेतल्या वनस्पती वाढल्या की त्याची खूण या मेणात दिसते. दोन्ही ताडून पाहणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ४००० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १७०० वर्षांपूर्वी आपलं खोरं अधिक कोरडं झालं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत कोकणातून चिमूटभर वाळू पुडीत बांधून आणली आणि नववीच्या वर्गात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ नुसते कण दिसत होते. मग एक मुलगी ओरडली, “बाई, गोगलगाय!” गुंडाळलेलं, कप्प्याकप्प्यांचं, टाचणीच्या टोकाएवढं पांढरं कवच होतं ते. घंटा झाली तरी कोणी जागचं हलेना.

आपले डोंगर लाव्हाचे, म्हणून जीवाश्म म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावची गोष्ट असं मुलांना वाटतं. जायकवाडीला पाणी सोडायचा वाद पेटला की मोठी माणसंही गेल्या काही दशकांचेच आकडे काढतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून समुद्राचा अभ्यास करते आहे. तिथल्या संशोधकांना नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांनी बोलवावं, आणि गोदावरीच्या या गाळावर आपल्या दैनिकाने सविस्तर लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक