अडकित्त्यावरचा गंज

गुहागर,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

माळ्यावर सापडलेला नानांचा अडकित्ता गंजला आहे, तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू का, असे तू विचारले आहेस. इतक्यात बुडवू नकोस. पावसाळाभर बंद असलेले इथले घर गेल्या आठवड्यात उघडले, तेव्हा आईच्या विळीचे पाते थेट खवणीच्या दात्यांपर्यंत तांबडे झाले होते, आणि त्यावर मी केलेला पहिला प्रयोग साफ फसला.

देवाची भांडी ज्या चिंच-मिठाने लख्ख होतात, त्यानेच मी पाते घासले. गंज उतरला, पाते उजळले, म्हणून वरवर विसळून विळी तशीच ओट्याखाली ठेवली; सकाळी पाहतो तर पात्यावर केशरी पूड! चिंचेतील आम्लाने आपले काम चोख केले होते, पण मागे राहिलेले मीठ ओलावा धरून ठेवते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला मग एक रात्रही पुरते. शिवाय गंज म्हणजे काही लोखंड झाकून ठेवणारे पुट नव्हे. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा हवेला लागते.

दुसऱ्या खेपेस ढोकळ्यासाठी आणलेले लिंबूसत्त्व तीन मोठे चमचे घेऊन एक लिटर कोमट पाण्यात विरघळवले. पाट लाकडी असल्यामुळे विळी बुडवणे शक्य नव्हते; म्हणून जुन्या धोतराच्या चिंध्या त्या पाण्यात भिजवून पात्याला गुंडाळल्या आणि त्या सुकू नयेत म्हणून वरून दुधाची रिकामी पिशवी बांधली. तीन तासांनी सोडले तेव्हा चिंध्या पिवळ्याजर्द झाल्या होत्या आणि उरलासुरला गंज काथ्याच्या बोळ्याने निघाला. खवणीच्या दात्यांमधला काढायला मात्र दात घासायचा जुना ब्रश लागला. आम्लात अधिक वेळ ठेवले तर ते गंज संपवून चांगले लोखंडही खाऊ लागते, हे ध्यानात असू दे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पाते धुतले, कढत पाणी ओतले, लगेच कोरडे पुसून चुलीच्या धगीला धरले आणि गरम असतानाच खोबरेल तेलाचे बोट फिरवले. आज सहावा दिवस आहे, पाते स्वच्छ आहे.

आता तुझ्या अडकित्त्याविषयी. त्याच्या बिजागरीच्या खिळ्यात आम्ल शिरले तर ते धुऊन निघत नाही, म्हणून फक्त गंजलेल्या भागावर लिंबूसत्त्वाचा ओला बोळा अर्धा-अर्धा तास ठेवून पाहत जा. धारेवरचा काळा रंग मात्र घासू नकोस. सुपारीतील टॅनिन, म्हणजे तिच्यातले तुरट द्रव्य, आणि लोखंड यांच्या संयोगाने तो चढतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे नानांनी इतकी वर्षे सुपारी कातरल्यामुळेच धार तांबडी न होता मुठी तेवढ्या गंजल्या. शेवटी खिळ्यात तेलाचे दोन थेंब सोडून अडकित्ता दहा-वीसदा उघडझाप कर, आणि बाहेर येणारे तेल तांबडे दिसेनासे होईपर्यंत ते पुसत राहा.

काकूंना नमस्कार सांग. पहिली सुपारी कशी कातरली गेली ते कळव.

तुझा,
अनंत