रबिश म्हणजे शिवी नव्हे

लीड्स, इंग्लंड,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार. आजीला दोनदा.

पार्सल पोचलं. आई, तू वड्या सुती फडक्यात घट्ट बांधल्या होत्यास, त्यामुळे एकही मोडली नाही. वॉर्डात सगळ्यांना तीळगूळ दिला. मी अगदी ठणठणीत आहे, थंडीचं काही वाटत नाही, जेवणही वेळेवर होतं. तेवढी काळजी सोडा.

बाबा, आधी त्या दिवसाचं सांगते, कारण आई म्हणते तुम्ही तेव्हापासून गप्प गप्प आहात. आपण बोलत होतो आणि आमच्या मोठ्या सिस्टर दारातून 'रबिश!' म्हणाल्या, ते तुम्ही ऐकलंत. पोरीला कचरा म्हणतात, असं तुम्हाला वाटलं. तसं नाही हो. त्या दिसल्या म्हणून मीच म्हटलं होतं, 'सॉरी, माझा ब्रेक जरा लांबला.' त्यावर त्या म्हणाल्या, 'रबिश! सकाळी सातपासून उभी आहेस, तो चहा आधी संपव.' आपण 'काहीतरीच काय!' म्हणतो ना, तेवढाच त्याचा अर्थ. पुढचं तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण मी घाईने फोन ठेवला. चूक माझी. इथे मला कोणी टाकून बोलत नाही.

हा शब्द इथे दिवसभर कानावर पडतो. पाऊस लागला की हवा रबिश, भाजी अळणी झाली की जेवण रबिश. गणित जमत नसेल तर माणूस 'मी गणितात रबिश आहे' असं स्वतःच सांगतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. अमेरिकेत कचऱ्याला गार्बेज किंवा ट्रॅश म्हणतात, इथे रबिशच. वाचनालयातून मोठा शब्दकोश घेऊन मी दोन रविवार बसले. रबिश हा रबल या शब्दाचा भाऊबंद, म्हणजे घर पाडल्यावर उरतो तो राडारोडा. गार्बेज म्हणजे आधी कोंबडीची आतडी, खाटकाकडचं उरलंसुरलं. आणि इकडच्या उत्तर भागात मिडन म्हणून जुना शब्द आहे, तो थेट आपला उकिरडा! जुन्या नॉर्स लोकांकडून आलेला. वाचताना मला आपल्या गोठ्यामागचा उकिरडा दिसला आणि शेणाचा वाससुद्धा आला.

पण कचरा टाकण्याची इथली पद्धत मात्र तुम्हाला नीट सांगायलाच हवी. घंटागाडी नाही, हाक नाही. प्रत्येक घराला चाकांचे उंच डबे असतात, त्यांना बिन म्हणतात. काळा डबा साध्या कचऱ्याचा. हिरवा कागद, पत्र्याचे डबे आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा. तपकिरी बागेतल्या पाल्याचा. एका आठवड्याला काळा न्यायचा, दुसऱ्याला हिरवा. आपला वार कुठला ते कॅलेंडरवर बघायचं आणि डबा फुटपाथच्या कडेला नेऊन ठेवायचा, दांडा रस्त्याकडे करून. झाकण पूर्ण मिटलं पाहिजे. हिरव्यात चुकून खरकटं गेलं तर डबा तसाच ठेवून गाडी पुढे निघून जाते. रिकामा डबा त्याच दिवशी आत घ्यायचा. कोणी घरी नसेल तर शेजारी घेतात. बोलणं नाही, ओळख नाही, पण माझा डबा मात्र आत आलेला असतो.

आजी, हे सगळे लोक डबे आदल्या रात्री बाहेर काढतात. दिवेलागणीनंतर केर घराबाहेर टाकायचा नाही, हे तुझं सांगणं माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी पहाटे सहाला कोट चढवून डबा ओढत नेते. तेवढ्या थंडीत चाकांचा आवाज गल्लीभर होतो. रात्रपाळी असली की तेही जमत नाही, आणि मग मनाला लागतं.

वॉर्डात एक ऐंशी पार केलेले आजोबा आहेत, त्यांचे वडील कचरा उचलायचे. डस्टबिन हे नाव का पडलं, ते त्यांनी सांगितलं. पूर्वी घरोघरी कोळशाची शेगडी, त्यामुळे डब्यात मुख्यतः राखच, आणि तिलाच डस्ट म्हणायचे. जड पत्र्याचा डबा खांद्यावर घ्यायचा, कधी आत निखारा धुमसत असायचा. वडिलांच्या कोटाला उजव्या खांद्यावर चामड्याचं ठिगळ होतं, हे सांगताना त्यांनी स्वतःचा खांदा चोळला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शेगड्या हळूहळू गेल्या, राख गेली, नाव तेवढं राहिलं.

बाबा, तुम्ही ग्रामसभेला जाता म्हणून आणखी एक. वायफळ बोलण्याला बंकम म्हणतात. १८२० मध्ये अमेरिकेच्या संसदेत फेलिक्स वॉकर नावाचा सदस्य लांबलचक बोलत सुटला. लोक कंटाळले, तर म्हणाला, मला माझ्या बंकम परगण्यासाठी बोलायचंय! तेव्हापासून तसल्या भाषणांना परगण्याचंच नाव चिकटलं.

आजी, मागच्या रविवारी तू म्हणालीस, 'आता मी अडगळीतलीच.' मी हसून विषय बदलला, पण रात्रभर झोप नव्हती. अडगळीला इथे जंक म्हणतात. जंक म्हणजे मूळचा जहाजावरचा जुना दोर. तो फेकत नसत. तुकडे करून, पीळ उकलून त्याचा काथ्या काढायचे आणि फळ्यांच्या फटींत ठासायचे, म्हणजे पाणी आत येत नसे. तसं पुन्हा म्हणू नकोस गं.

आता कामाचं. शुक्रवारी दीड लाख पाठवले आहेत. सोसायटीचा हप्ता आधी भरा, बाकीचे मंडपाला आणि वाजंत्रीला ठेवा. माझ्यासाठी काही साठवू नका, मला इथे पुरतात. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी आले नाही, मिनीच्या साखरपुड्यालाही नाही, हे मी विसरलेले नाही. वैशाखात दहाच दिवस रजा मिळते आहे. हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन आणि सोळाव्याआधी निघावं लागेल. आई, रागावू नकोस. मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं आत्या म्हणते ना? तिला माझ्या सिस्टरांचा तो शब्द सांग. सांगलीच्या मुलाचं तुम्ही विचारलंत. त्याला परतीबद्दल विचारायचंय, ते रास्तच आहे. आल्यावर मी स्वतः भेटते, तोवर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका.

लग्नासाठी माळा आवराल. भंगारवाल्याला बोलावलंत तर माझी लोखंडी ट्रंक तेवढी राहू द्या. कडी तुटली आहे, ती मी येऊन बसवून घेईन.

तुमची,
सोनू